काळ्या जमिनीतून बागेतल्या खोलीपर्यंत वीज, पाणी आणि इंटरनेटची लाइन कशी न्यावी?

प्रश्न : संत्राबाग_वरुड

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमचे घर गावाच्या कडेला आहे आणि घरामागे लागूनच संत्र्याची बाग आहे. बागेच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांचे पक्के बांधकाम पूर्ण होत आले आहे. एका खोलीत बसून मी माझ्या नोकरीचे काम संगणकावर करणार आहे आणि दुसरी खोली सासऱ्यांच्या दुपारच्या विश्रांतीसाठी आहे. घराच्या मागच्या भिंतीपासून खोलीपर्यंतचे अंतर ६५ मीटर भरते. झाडे ६ बाय ६ मीटरवर असल्यामुळे दोन ओळींच्या मधून सरळ चर काढता येईल.

खोलीत दिवे, दोन पंखे, संगणक, लहान फ्रिज आणि कूलर एवढे सध्या चालेल. पुढे दीड टनाचा एसी बसवण्याचा विचार आहे, म्हणून एकूण भार ३ किलोवॉट धरला आहे. पाणी घराच्या स्लॅबवरच्या टाकीतून न्यायचे आहे. टाकीचा तळ खोलीतल्या नळापेक्षा साधारण ४ मीटर उंच आहे. इंटरनेटची फायबर लाइन घरापर्यंत आलेली आहे.

आमच्याकडे वायरिंग करणाऱ्या भाऊंनी दोन पर्याय सांगितले. पहिला पर्याय झाडांमधून खांबांवर तार ओढण्याचा आहे आणि दुसरा एक फूट खोल चरात पीव्हीसी पाईप टाकून त्यातून सगळे एकत्र नेण्याचा. जमीन भारी काळी असून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे एक फूट खोली मला पुरेशी वाटत नाही. खोलीजवळच्या विहिरीवर कृषिपंपाचे वीज कनेक्शन आहे, तेथूनच वीज का घेऊ नये असेही घरात विचारले जात आहे. चर किती खोल असावा, तिन्ही लाइन एकाच चरात चालतील का, केबल कोणती घ्यावी आणि हे काम वर्षात केव्हा करावे, याबद्दल ज्यांनी अशी कामे प्रत्यक्ष केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : वीजकाम_अमरावती

ताई, मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक असून ग्रामीण भागातील जोडण्यांचीच कामे करतो. विहिरीवरच्या कनेक्शनचा प्रश्न आधी संपवतो. कृषिपंपासाठी मंजूर झालेली वीज राहण्याच्या किंवा कार्यालयाच्या खोलीसाठी वापरणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. शिवाय शेतीच्या फिडरला (शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला) वीज ठरावीक तासच आणि पाळीपाळीने मिळते, त्यामुळे तुमच्या नोकरीच्या वेळेला तिचा उपयोगही होणार नाही. वीज घरातूनच घ्या आणि घराचा मंजूर भार कमी पडत असेल तर तो वाढवून घ्या.

झाडांमधून तार ओढण्याचा पर्याय पूर्णपणे सोडून द्या. संत्रा तोडणीच्या वेळी बागेत शिड्या फिरतात, फवारणीच्या लांब नळ्या उंच धरल्या जातात आणि वादळात फांद्या तारेवर येतात. अशा ठिकाणी उघडी किंवा साध्या आवरणाची तार माणसाच्या जिवावर बेतू शकते.

जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल घ्यावी, म्हणजे जिच्या आवरणाखाली पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे कवच असते ती. कमी दाबाच्या केबलसाठी भारतीय मानक १२५५ मध्ये किमान खोली ७५ सेंटिमीटर दिली आहे. म्हणजे अडीच फूट खोदावेच लागेल. एक फुटावर टाकलेली लाइन रोटाव्हेटर किंवा कुदळीच्या टप्प्यातच राहते.

आता जाडी. ३ किलोवॉट भाराला एका फेजवर साधारण १४ अँपिअर प्रवाह धरू. जाणारी आणि येणारी मिळून तारेची लांबी १३० मीटर होते. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर वाटेतच सुमारे साडेतेरा व्होल्ट गळतात, ४ चौरस मिलिमीटरमध्ये साडेआठच्या आसपास आणि ६ चौरस मिलिमीटरमध्ये साडेपाच. तार तापल्यावर ही गळती आणखी वाढते. शहरात ४ ची तार चालून गेली असती, पण आपल्याकडे संध्याकाळी घरातच विजेचा दाब २३० व्होल्टच्या बराच खाली उतरतो आणि त्यातून आणखी आठ-दहा व्होल्ट गेले की एसीचा काँप्रेसर अडखळतो. म्हणून तांब्याची तीन कोअर (आत तीन वेगळ्या तारा असलेली) ६ चौरस मिलिमीटरची किंवा खर्च कमी ठेवायचा असेल तर अ‍ॅल्युमिनिअमची १६ चौरस मिलिमीटरची एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची) आर्मर्ड केबल घ्यावी. अ‍ॅल्युमिनिअममध्ये गळती साडेतीन व्होल्टपर्यंतच राहते, मात्र तिच्या टोकांना योग्य लग (तारेच्या टोकावरच्या धातूच्या टोप्या) नीट दाबून बसवावे लागतात, नाहीतर तेथील जोड ढिला होऊन तापतो. केबल एकाच अखंड तुकड्यात आणावी, दोन्ही टोकांना एक-दोन मीटरचा सैल वळसा राहील एवढी जास्त घ्यावी आणि जमिनीत कुठेही जोड देऊ नये.

यापुढचा भाग विशेष काळजीने वाचावा, कारण गावातल्या बहुतेक कामांत तो राहून जातो. केबलच्या तीन कोअरपैकी एक अर्थिंगसाठी वापरा, कवच ग्लँडमधून (केबल पेटीत घट्ट धरणाऱ्या धातूच्या जोडणीतून) अर्थला जोडा आणि खोलीजवळ स्वतंत्र अर्थिंगचा खड्डाही करा. पण केवळ खड्डा केला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे मानू नका. समजा खड्ड्याचा रोध १० ओहम आहे आणि फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली, तर २३० भागिले १० म्हणजे फार तर २३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. सी प्रकारची २० अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच) ताबडतोब पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात, त्यामुळे २३ अँपिअरवर ती तासभर देखील पडेलच असे नाही आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहील. उन्हाळ्यात काळी माती आकसून अर्थिंगच्या पाईपापासून सुटते, तेव्हा रोध आणखी वाढतो. म्हणून खोलीतील डीबीमध्ये (वीज वाटपाच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखणारा स्विच) बसवणे अनिवार्य समजा, कारण ती एवढ्याशा गळतीवरही पुरवठा तोडते. तिच्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ती पडते की नाही हे पाहा. अर्थिंगचा पाईप अडीच मीटरपेक्षा कमी नसावा आणि त्याच्या तोंडावरच्या फनेलमध्ये मार्च ते जून पाणी ओतत राहावे.

उत्तर : काळीमाती_यवतमाळ

वीजकाम भाऊंनी विजेचे सांगितलेच आहे, मी माती आणि पाण्याबद्दल लिहितो. आमचे सगळे वावर भारी काळे आहे आणि ठिबकच्या लाइन, घराची लाइन, गोठ्याची लाइन अशी बरीच नळकामे मी या जमिनीत केली आहेत.

काळी माती जागेवर स्थिर राहत नाही हे प्रत्येक निर्णय घेताना लक्षात ठेवावे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्या भेगा तीन फुटांच्याही खाली जातात. म्हणजे ७५ सेंटिमीटर खोल गेलो तरी आपण मातीच्या हालचालीतून सुटत नाही, फक्त कुदळीपासून सुटतो. कडक पीव्हीसी पाईपाचे सॉल्व्हंट सिमेंटने (पाईपाच्या डिंकाने) चिकटवलेले जोड या ओढाताणीत पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच उकलतात. त्याऐवजी गुंडाळीत मिळणारा एचडीपीई (लवचिक प्लास्टिकचा) पाईप घ्यावा, तो ६५ मीटर अखंड टाकता येतो आणि जमिनीसोबत थोडा वाकतो. तो ताणून सरळ न टाकता चरात किंचित नागमोडी सोडावा. केबललाही हेच लागू आहे.

पाईपाचा आकार २५ मिलिमीटर घेण्याचा मोह होतो, पण तुमचा दाब फक्त टाकीच्या उंचीचा आहे. मिनिटाला १८ लिटर पाणी वाहू द्यायचे म्हटले तर २५ च्या पाईपात ६५ मीटरच्या घर्षणातच साडेतीन मीटरहून अधिक उंची खर्च होते आणि नळाशी धार उरत नाही. ३२ चा पाईप घेतला तर हीच तूट एक मीटरच्या आसपास येते. किमतीतला फरक फार नाही, त्रासातला फरक मोठा आहे.

चराच्या तळाशी चार बोटे रेती किंवा क्रशरची चुरी अंथरावी, लाइन टाकून पुन्हा तेवढीच रेती वर घालावी आणि मग माती लोटावी. काळ्या मातीची वाळलेली ढेकळे थेट केबलवर किंवा पाईपावर टाकली तर ती दगडासारखी रुततात. मात्र रेती भरताना एक धोका आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. चारही बाजूंना पाणी न जिरवणारी काळी माती आणि मधे रेतीने भरलेला चर अशी रचना झाली की पावसाळ्यात बागेचे पाणी त्या चरातून वाहत थेट घराच्या किंवा खोलीच्या पायापर्यंत येते. पायाखालची काळी माती एका बाजूने भिजून फुगली की भिंतीला तिरपा तडा जातो. म्हणून दोन्ही इमारतींच्या अलीकडे मीटरभर लांबीत रेती न भरता कालवलेली काळी माती थरांनी ठोकून बांध घालावा आणि चराचा वरचा भागही काळ्या मातीनेच भरावा. पहिल्या पावसात भर दबते, त्यामुळे माती वीतभर उंच ठेवावी.

पायातून आत येताना पाईप आणि केबल बांधकामात घट्ट चिणू नयेत. इमारत एका रीतीने हलते आणि भोवतालची जमीन दुसऱ्या, त्यामुळे चिणलेल्या जागी पाईप कापल्यासारखा तुटतो. भिंतीत मोठ्या व्यासाचा पाईपाचा तुकडा बसवून त्यातून लाइन आणावी आणि तोंड पुट्टीसारख्या लवचिक पदार्थाने बंद करावे.

आपल्याकडे थंडीने पाणी गोठत नाही, पण मे महिन्यात उथळ पाईपातले पाणी दुपारी हात लावू देत नाही. अडीच फुटांवर ते बरेच निवते. सासऱ्यांच्या खोलीत नळाला कढत पाणी येऊ नये यासाठीही चर एवढा खोल ठेवावा. दोन्ही टोकांना झाकणाच्या चेंबरमध्ये बॉल व्हॉल्व्ह बसवावा. बागेच्या ठिबकला खताची टाकी किंवा व्हेंचुरी (खत पाण्यात ओढून घेणारे साधन) जोडलेली असेल तर त्या लाइनचा पिण्याच्या या लाइनशी कुठेही, अगदी तात्पुरताही, सांधा जोडू नये.

आता एका चराबद्दल. माझे ठाम मत आहे की पाण्याचा चर वेगळा असावा. पाण्याची गळती कधी ना कधी होते, तेव्हा घाईत कुदळ मारणाऱ्या माणसाच्या पायाखाली विजेची केबल नसावी.

उत्तर : दुवा_नागपूर

ताई, इंटरनेटपुरते सांगतो, कारण खेड्यांत दोन इमारतींमधील जोडण्या करणे हेच माझे रोजचे काम आहे. कॅट-६ ची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे ६५ मीटरला ती पुरेल असे दुकानदार सांगेल आणि अंतराच्या हिशेबाने ते खरेही आहे. तरीही ती टाकू नये. घराचे आणि खोलीचे अर्थिंग वेगवेगळे असणार, आणि विदर्भात मे-जूनमध्ये ज्या विजा कडाडतात त्या वेळी जवळपास वीज पडली तर दोन अर्थिंगमधल्या विद्युतदाबाचा फरक क्षणभर प्रचंड होतो. तांब्याची डेटा केबल त्या दोघांमधला पूल बनते आणि दोन्ही बाजूंची यंत्रे जळतात.

फायबरमध्ये काच असते, तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून येथे फायबरच योग्य आहे. सिंगल मोड, जी-६५७-ए प्रकारची (वळणे सोसणारी), चार कोअरची (काचेच्या चार धाग्यांची) केबल घ्यावी. सध्या एक किंवा दोनच कोअर लागतील, पण उरलेल्या पुढे कामी येतात. केबल घेताना तिच्यात पोलादी तार नाही याची खात्री करा. खांबांवरून घरोघरी जी चपटी फायबर येते तिच्यात आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. तीच येथे जमिनीतून टाकली तर तांब्याऐवजी पोलादाचा पूल तयार होईल. एफआरपीचा (काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा) आधार असलेली, धातूविरहित केबल मागावी. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधले प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारे यंत्र) बसवले की घरातला राउटर आणि खोलीतला राउटर जोडला जातो.

फायबर थेट मातीत पुरू नये. ३२ मिलिमीटरचा वेगळा एचडीपीई पाईप टाकून त्यातून ओढावी, आणि माझा आग्रह आहे की तसाच आणखी एक रिकामा पाईप शेजारी टाकून ठेवावा. कॅमेरा, पंपाचा नियंत्रक, सौर पॅनेलची तार असे काही ना काही पुढे सुचतेच, आणि ६५ मीटर चर दुसऱ्यांदा खोदण्याच्या खर्चापुढे एका पाईपाची किंमत नगण्य आहे. दोन्ही पाईपांत नायलॉनची दोरी आधीच ओवून ठेवावी. पाईपांची तोंडे उघडी राहिली तर घुशी, उंदीर आणि पावसाचे पाणी आत शिरते. ती फोमने बंद केली तर घुशी फोम कुरतडतात, म्हणून तारेच्या जाळीचा बोळा दाबून वरून सीलंट लावावे.

झाडे मधे असल्यामुळे बिनतारी उपकरणांवर विसंबू नये. पानांनी भरलेली ओलसर बाग लहरी चांगल्याच शोषते आणि पावसात जोडणी नेमकी तुमच्या बैठकीच्या वेळी अडखळेल.

प्रश्नकर्ती : संत्राबाग_वरुड

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. सासऱ्यांनाही सगळे वाचून दाखवले. खांबांचा पर्याय आणि विहिरीवरचे कनेक्शन हे दोन्ही आता घरातल्या सगळ्यांच्या मते बाद झाले आहेत. दोन शंका उरल्या आहेत. काळीमाती भाऊ दोन चर सांगतात, पण दुसऱ्या चराने झाडांच्या मुळांना इजा होईल अशी भीती सासऱ्यांना वाटते. आणि आम्ही आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुले) घेतो, त्यामुळे खोदकाम ताणाच्या (बहारासाठी झाडांचे पाणी तोडण्याच्या) आधी करावे की नंतर?

उत्तर : काळीमाती_यवतमाळ

सासऱ्यांची भीती रास्त आहे. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती तुटली की झाड मागे पडते. ६ मीटरच्या ओळींत अगदी मधोमध चर काढला तर दोन्ही बाजूंची खोडे तीन-तीन मीटरवर राहतात, तेवढे चालते. मोठे यंत्र आत न घालता अरुंद बादलीचे यंत्र किंवा मजूर लावावेत, म्हणजे फांद्याही वाचतील. तोडणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, ते आधी ठरवून ठेवा. दुसरा चर लगतच्या ओळींमधून न काढता बागेच्या धुऱ्याने (बांधाच्या कडेने) पाण्यासाठी काढता येतो का ते पाहा. दहा-पंधरा मीटर पाईप जास्त लागेल, पण झाडांना धक्का बसणार नाही आणि गळती झालीच तरी झाडांच्या बुंध्याशी पाणी साचून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होण्याची भीती उरणार नाही.

वेळेचे म्हणाल तर पाऊस संपून जमीन वाफशावर आली की लगेच खोदावे. साधारण नोव्हेंबरमध्ये माती कुदळीला लोण्यासारखी कापली जाते, मार्चनंतर हीच जमीन पहारीलाही दाद देत नाही. आंबियाचा ताण डिसेंबर-जानेवारीत बसतो. त्याआधी चर बुजून पाण्याच्या लाइनची गळती तपासून झालेली असावी, कारण ताणाच्या काळात एका ओळीला पाझर लागला तर तेवढ्या झाडांचा बहार बिघडतो.

उत्तर : वीजकाम_अमरावती

धुऱ्याने पाणी नेण्याचा उपाय मला पटला. तसे जमत नसेल तर एकच चर दोन फूट रुंद करूनही काम होते, मात्र केबल आणि पाण्याचा पाईप यांच्यात, तसेच केबल आणि डेटाचा पाईप यांच्यात ३० सेंटिमीटर अंतर राखावे लागेल आणि केबलवर रेतीनंतर विटांची ओळ घालावी लागेल. विटांवर वीतभर माती आली की लाल रंगाची धोक्याची पट्टी अंथरावी, म्हणजे पुढे कोणी खोदले तर आधी पट्टी दिसेल, मग विटा लागतील आणि केबल शाबूत राहील.

चर बुजवण्याच्या आधी दोन कामे करूनच पुढे जावे. पाण्याचा पाईप भरून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी प्रत्येक फिटिंग हाताने चाचपून पाहा. केबलची दोन्ही टोके मोकळी ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक कोअरमधील आणि कोअर व कवच यांच्यातील रोध मोजून घ्या. नव्या केबलला तो १ मेगओहमच्या कितीतरी वर यायला हवा, आणि १ च्या जवळपास आला तरी केबल परत करावी. बुजवल्यावर हीच मोजणी पुन्हा करून दोन्ही आकडे डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. उघड्या चराचे फोटो घराच्या भिंतीपासून टेप ताणून, अंतर दिसेल असे काढा आणि जेथे लाइन वळते तेथे धुऱ्यावर दगड रोवा.